कणाचा विद्युतभार आणि भस्माची कसोटी

गेल्या काही वर्षांत भस्मे व पिष्टी यांच्या माहितीपत्रकांवर एक नवा आकडा आमच्या पाहण्यात येऊ लागला आहे. शंखभस्म, कपर्दिका भस्म, मुक्ताशुक्ती पिष्टी, प्रवाळ पिष्टी अशा सुधावर्गातील कल्पांच्या बाबतीत तो विशेषकरून आढळतो. 'झीटा पोटेन्शियल उणे इतके मिलिव्होल्ट' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. त्याखाली हे कण एकमेकांना चिकटत नाहीत, शरीरात सत्वर शोषले जातात, सबब हे भस्म इतरांहून अधिक गुणकारी आहे, असा निष्कर्ष काढलेला असतो. किंमतही अर्थातच त्या मानाने चढी असते. पत्रक घेऊन येणारा प्रतिनिधी आकडा सांगतो, वैद्य आदराने ऐकतो, आणि हा आकडा नेमका कशाचा, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

आधुनिक चाचण्यांना आमचा विरोध नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. रसशास्त्राच्या आचार्यांनी वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव अशा परीक्षा सांगितल्या, त्या त्यांच्या काळातील चाचण्याच होत्या. प्रश्न एवढाच, की जी चाचणी आपण स्वीकारतो ती आपल्या औषधाविषयी काही सांगते काय? पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटच्या कणावरील विद्युतभार ही चाचणी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

भार कणाचा की पाण्याचा?

सूक्ष्म कण पाण्यात पडला की त्याच्या पृष्ठभागावर धन किंवा ऋण आयन बसतात आणि त्याभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचे एक विरळ आवरण तयार होते. पाण्यात विद्युतक्षेत्र निर्माण केले असता हा कण आपले निकटचे आवरण घेऊन एका अग्राकडे सरकतो. त्याच्या सरकण्याचा वेग मोजून गणिताने जो आकडा काढतात, तो झीटा पोटेन्शियल. म्हणजे यंत्र कणावरील भार प्रत्यक्ष मोजत नाही. विशिष्ट पाण्यात तो कण कसा सरकला, हे मोजते. पाणी बदलले की आकडा बदलतो. हे कोणत्याही कणाच्या बाबतीत खरे असले, तरी कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत ते फारच मोठ्या प्रमाणात खरे आहे.

त्याचे कारण समजण्यासारखे आहे. वाळूचा कण घेतला तर त्यावरील भार मुख्यतः पाण्याच्या पी.एच.वर, म्हणजे आम्लता-क्षारतेवर, ठरतो. चुनखडीच्या कणाचे तसे नाही. तो स्वतः कॅल्शियम आणि कार्बोनेट या दोन आयनांचा बनलेला आहे, आणि त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसणारे मुख्य आयनही हेच दोन. पाण्यात कॅल्शियम वाढले तर कण धनभाराकडे झुकतो, कार्बोनेट वाढले तर ऋणभाराकडे. पी.एच.चा परिणाम होतो तो बव्हंशी आडमार्गाने, कारण पी.एच. बदलला की पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण बदलते.

त्यातही गंमत अशी, की हा कण पाण्यात अंशतः विरघळतो. कार्बन डायऑक्साइडविरहित शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे १४ मिलिग्रॅम, तर हवेच्या संपर्कात असलेल्या पाण्यात ५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि दुसऱ्या स्थितीत पाण्याचा पी.एच. ८.३ च्या जवळ स्थिरावतो. म्हणजे ज्या पाण्यात आपण कणाची परीक्षा करतो, ते पाणी तो कण परीक्षा चालू असतानाच बदलत असतो. पाण्यात टाकल्यावर पाच मिनिटांनी घेतलेला आकडा आणि दुसऱ्या दिवशी घेतलेला आकडा वेगळा येऊ शकतो. झाकलेल्या कुपीतील आणि उघड्या पात्रातील आकडाही वेगळा येऊ शकतो.

या विषयावर १९६७ मध्ये सोमसुंदरन व एगर यांचे कॅल्साइटवरील काम प्रसिद्ध झाले, ते आजही उल्लेखिले जाते. कण धनही नाही व ऋणही नाही अशी भारशून्य अवस्था त्यांना पी.एच. ८ ते ९.५ च्या दरम्यान आढळली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासकांचे आकडे या मर्यादेच्या आत-बाहेर विखुरलेले आहेत. खनिज कोठले, ते कसे धुतले, पाण्यात किती वेळ ठेवले, हवेचा संपर्क किती, यावर उत्तर बदलत गेले. एकाच पदार्थाला कोणी धन म्हटले, कोणी ऋण, आणि दोघेही आपापल्या पाण्यापुरते बरोबर होते. ज्या पदार्थाच्या भाराचे चिन्हदेखील पाणी सांगितल्याशिवाय सांगता येत नाही, त्याचा भार पाण्याचा उल्लेख न करता वेष्टनावर छापण्यात अर्थ तो काय?

आपल्या खलातील पाणी

हे सारे प्रयोगशाळेतील बारकावे आहेत असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याच फार्मसीकडे पाहा. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे आणि त्यातील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते; त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट असतात. पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या भारतीय मानकात, आय.एस. १०५०० मध्ये, कॅल्शियमची स्वीकार्य मर्यादा लिटरला ७५ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ती २०० पर्यंत चालवून घेतली आहे. अशा पाण्यात धुतलेली शुक्ती आणि ऊर्ध्वपातित पाण्यात धुतलेली शुक्ती यांच्या कणांवरील भार सारखा राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. मॅग्नेशियमही कणाला धनभाराकडे नेते. उलट सल्फेट, फॉस्फेट आणि लिंबातील सायट्रेट हे त्याला ऋणभाराकडे नेतात.

शेवटचा मुद्दा आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. शंखाचे शोधन निंबुस्वरसात किंवा कांजीत दोलायंत्राने होते, मारणासाठी कुमारीस्वरसाची भावना देतात, पिष्टीला गुलाबजलाची भावना देतात. लिंबूरस व कुमारीस्वरसातील सेंद्रिय आम्ले व इतर द्रव्ये चुनखडीच्या कणाला सहज चिकटतात. शिवाय शंख, शुक्ती व मोती यांच्या रचनेतच प्रथिनांचा अंश असतो, आणि पिष्टीला अग्निसंस्कार नसल्याने तो टिकून राहतो. अशा सेंद्रिय आवरणाने कण ऋणभारित होतो. तेव्हा पिष्टीच्या पत्रकावरील 'उणे' आकडा हा पुष्कळदा त्या आवरणाचा आकडा असतो. त्यावरून पिष्टीत सेंद्रिय अंश आहे असे फार तर म्हणता येईल. पिष्टी अधिक वीर्यवान आहे असे म्हणता येणार नाही. रंग आणि कागदाच्या कारखान्यांत याच चुनखडीच्या भुकटीत पॉलिफॉस्फेट किंवा पॉलिअॅक्रिलेट घालून हवा तेवढा ऋणभार आणतात. चिमूटभर द्रव्याने जो आकडा वाढवता येतो, तो गुणवत्तेचा निकष कसा होईल?

मुळात कण कार्बोनेटचा आहे काय?

आता भस्माकडे वळू. पिष्टी अग्निसंस्काराविना होते, त्यामुळे ती कॅल्शियम कार्बोनेटच राहते. शंखभस्म गजपुटात जाते. कॅल्शियम कार्बोनेटला ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता मिळाली की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम शुद्ध कार्बोनेटपासून ५६ ग्रॅम चुना मिळतो; ४४ ग्रॅम वायुरूपाने जातात. गोवऱ्या किती, शराव केवढे, थर किती जाड, अग्नी किती वेळ टिकला, यावर हे परिवर्तन पूर्ण होते, अर्धवट होते किंवा जेमतेम सुरू होते. पुढे स्वांगशीत झाल्यावर तोच चुना हवेतील बाष्प घेऊन विरतो आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा कार्बोनेट होऊ लागतो. कोकणातील पावसाळ्यात सैल झाकणाच्या डबीत हे आपोआप घडत असते.

याचा अर्थ असा, की 'शंखभस्म' या एकाच नावाखाली एका डबीत प्रामुख्याने कार्बोनेट, दुसरीत विरलेला चुना आणि तिसरीत दोहोंचे मिश्रण असू शकते. चुन्याचे संपृक्त पाणी, ज्याला आपण चूर्णोदक म्हणतो, त्याचा पी.एच. १२.४ च्या जवळ असतो. असे भस्म पाण्यात टाकून भार मोजला तर तो कॅल्शियमने भरलेल्या तीव्र क्षारीय पाण्यातील आकडा असतो. त्याची तुलना पिष्टीच्या आकड्याशी करणे म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांची दोन वेगळ्या पाण्यांत तुलना करणे होय.

रुग्णाच्या दृष्टीने हा फरक केवळ शाब्दिक नाही. दोन गुंजा, म्हणजे २५० मिलिग्रॅम, मात्रा घेतली असता शुद्ध कार्बोनेट दशांश नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचे ५० मिलिलिटर निष्प्रभ करते. तेवढाच विरलेला चुना सुमारे ६७ मिलिलिटर, तर तेवढाच कळीचा चुना सुमारे ८९ मिलिलिटर निष्प्रभ करतो. म्हणजे डबी बदलली की अम्लपित्ताच्या रुग्णाला त्याच मात्रेत दीडपटीहून अधिक बळाचे औषध मिळू शकते, आणि तेही दाहक. शंखभस्म तुपातून द्यावे, कोरडे जिभेवर टाकू नये, या परंपरेतील दंडकामागे हाच अनुभव असणार. पिष्टी सौम्य व शीत आणि भस्म तीक्ष्ण, हा आपला जुना विवेकही येथे रसायनशास्त्राशी जुळतो.

आमच्याच चिकित्सालयात एका औषधनिर्मात्याच्या शंखभस्माच्या लागोपाठच्या दोन बॅचेस आल्या होत्या. दोन्हींसोबतच्या पत्रकावर मिलिव्होल्टचा आकडा एकच, अगदी दशांशापर्यंत. पैकी एकीने तक्रार नव्हती; दुसरी घेतल्यावर दोन रुग्णांनी जिभेची आग झाल्याचे सांगितले. ओल्या हळदीवर दोन्ही भस्मे टाकून पाहिली, तेव्हा दुसरीने हळद क्षणात लालभडक झाली, पहिलीने किंचित रंग आला. हळद व चुना यांपासून कुंकू करणाऱ्या घरांत जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते, ती त्या छापील आकड्याला सांगता आली नाही. निर्मात्याला पत्र लिहिले. उत्तरादाखल तेच पत्रक पुन्हा आले.

जठरात भार टिकतो काय?

समजा, आकडा काटेकोरपणे मोजलेला आहे. तरी तो कोठपर्यंत खरा? कॅल्शियम कार्बोनेट जठरातील आम्लात विरघळते. कॅल्शियम क्लोराइड, पाणी व कार्बन डायऑक्साइड होतात. कणच उरला नाही तर त्याच्या पृष्ठभागावरील भार कोठून उरणार? 'ऋणभारामुळे पेशींत प्रवेश सुलभ' असे जे पत्रकांत लिहिलेले असते, ते अशा विद्राव्य द्रव्याला लावताना आधी एवढा तरी विचार व्हावयास हवा.

ज्यांच्या जठरात आम्ल कमी आहे, उदाहरणार्थ वृद्ध रुग्ण किंवा आम्लनिर्मिती रोखणारी आधुनिक औषधे दीर्घकाळ घेणारे, त्यांच्यात कार्बोनेट कमी विरघळते आणि काही कण तसेच पुढे जातात, हे खरे. त्यांच्या बाबतीत कणाची सूक्ष्मता महत्त्वाची ठरते. परंतु तेथेही कण ऊर्ध्वपातित पाण्यात नसतो. श्लेष्मल द्रव्ये, पित्तातील लवणे, अन्नातील प्रथिने व फॉस्फेट यांचे आवरण त्यावर चढते आणि भार त्या आवरणाचा होतो. प्रयोगशाळेतील आकडा तेथेही सोबत जात नाही.

मग ही चाचणी निरुपयोगी काय?

मुळीच नाही. ती औषधनिर्मितीच्या टेबलावरील चाचणी आहे; चिकित्सकाच्या टेबलावर तिला आणू नये, एवढेच आमचे म्हणणे. एकच पाणी, एकच पी.एच., एकच वेळ ठेवून बॅचमागून बॅच मोजली, तर धुण्याची वा भावनेची प्रक्रिया बदलली की आकडा ते दाखवून देतो. कॅल्शियमयुक्त द्रव कल्प करणाऱ्यांना तर तिचा प्रत्यक्ष उपयोग आहे. मात्र तेथेही 'जितका भार मोठा तितके उत्तम' हा समज बरोबर नाही. भार मोठा असला की कण एकमेकांना दूर सारतात व सावकाश तळाशी बसतात. पण बसले की घट्ट थर करतात आणि बाटली कितीही हलवली तरी तो सुटत नाही. भार माफक असला की कणांचे सैल पुंजके होतात, ते लवकर खाली बसतात, पण हलवताच पुन्हा मिसळतात. औषधाची मात्रा सारखी मिळावी म्हणून निर्माते पुष्कळदा ही दुसरी स्थितीच पसंत करतात.

काही पत्रकांत वारितर परीक्षेचे 'आधुनिक रूप' म्हणून हा आकडा दिला जातो, तोही गोंधळच आहे. कॅल्साइटची घनता पाण्याच्या २.७ पट आहे. भस्म पाण्यावर तरंगते ते कण अतिसूक्ष्म असल्याने, ते सहज न भिजल्याने आणि पाण्याच्या पृष्ठताणाने. भार मोजावयाचा तर कण पाण्यात पूर्ण भिजून बुडालेला असावा लागतो. एक परीक्षा न भिजलेल्या कणाची, दुसरी भिजलेल्या कणाची. एकीचे प्रमाणपत्र दुसरीला देता येत नाही.

आमचे काही सहकारी म्हणतात, जगापुढे जायचे तर यंत्रांचे आकडे हवेतच. २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा अर्सेनिक आढळल्याचे अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि आपल्या सर्वांवरच प्रश्नचिन्ह उभे राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु त्या प्रसंगाचा बोध असा, की आपल्याला विचारला गेलेला प्रश्न 'औषधात काय आहे' हा होता. त्याचे उत्तर मिलिव्होल्टमध्ये देता येत नाही. उद्या एखाद्या जाणत्या रसायनतज्ज्ञाने हा आकडा कोणत्या पाण्यातला, असे विचारले आणि आपण निरुत्तर झालो, तर हसे त्या निर्मात्याचे एकट्याचे होणार नाही, शास्त्राचे होईल.

आमच्या सूचना

संघटनेच्या सभासदांनी, विशेषतः फार्मसीधारकांनी, पुढील गोष्टींचा विचार करावा अशी आमची विनंती आहे.

१. ज्या पत्रकावर भाराचा आकडा आहे, त्यावर पाणी कोणते, पी.एच. किती, पाण्यातील कॅल्शियम किती, कण पाण्यात किती वेळ होते आणि किती वेळा मोजले, हे लिहिलेले नसल्यास वैद्यांनी तो आकडा जमेस धरू नये व त्यासाठी अधिक किंमत देऊ नये.

२. सुधावर्गातील प्रत्येक भस्माच्या बॅचसोबत दोन साधे आकडे द्यावेत: शंभरात एक भाग भस्म मिसळलेल्या पाण्याचा पी.एच. आणि एका ग्रॅमची आम्लनिष्प्रभीकरणाची शक्ती. पहिल्यास पी.एच. मापक पुरे, दुसऱ्यास ब्युरेट व प्रमाणित आम्ल. लहान फार्मसीलाही हे अवघड नाही.

३. पुटापूर्वीचे व पुटानंतरचे वजन नोंदवहीत लिहावे. शुद्ध शंखात घट ४४ टक्क्यांच्या जवळ गेली तर चुना पूर्ण झाला आहे, फारच कमी असली तर कार्बोनेट शिल्लक आहे, हे कोणत्याही यंत्राविना कळते.

४. पिष्टीच्या अस्सलपणासाठी शक्य तेथे क्ष-किरण विवर्तन करून घ्यावे. शंख, कवडी व शुक्तीचा आतील चकाकता थर अरॅगोनाइट या स्फटिकरूपाचा असतो; खडू, अंड्याचे कवच व प्रवाळ कॅल्साइट रूपाचे. शुक्तीपिष्टीच्या नावाखाली खडूची भुकटी आली असेल तर ही परीक्षा ती ओळखू शकते, भाराचा आकडा ओळखू शकत नाही.

५. धावन व भावना यांसाठी वापरलेल्या पाण्याची तपासणी वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, करून ठेवावी. अनुसूची 'टी' नुसार नोंदी ठेवण्याची शिस्त आपल्याला लागलेलीच आहे. त्यात हे एक पान वाढेल.

६. डबी हवाबंद असावी आणि भस्म पुटातून काढल्याची तारीख तीवर असावी.

यातील एकही सूचना खर्चिक नाही. उलट ज्या रकमेत बाहेरून एक-दोन नमुन्यांचे चकचकीत अहवाल आणले जातात, त्या रकमेत वर्षभराच्या बॅचेसच्या या साध्या परीक्षा होऊ शकतील. संघटनेने आगामी वार्षिक सभेत सुधावर्गातील कल्पांसाठी असा एक समान परीक्षापत्रकाचा नमुना ठरवून सभासदांना द्यावा, असा प्रस्ताव आम्ही येथे मांडत आहोत. वैद्यबंधू व भगिनींनी त्यावर आपली मते अवश्य कळवावीत.